कस्टम सायकलीवर जादाचे ५० हजार घालावेत का?

मी कस्टम सायकल, म्हणजे माझ्या मापाची फ्रेम खास बनवून घेतलेली सायकल, १ लाख ६० हजारांना केली. "अगं एवढ्यात ॲक्टिव्हा आली असती" हे मला आईने सांगितलं, ऑफिसमधल्यांनी सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनकाकांनी पण सांगितलं. प्रश्न चुकीचा नाहीये. १ लाख ६० हजार ही आमच्या घरात मोठी रक्कम आहे, आणि सायकलवर तेवढे घालायचे तर का घालायचे हे नीट सांगता आलं पाहिजे, नुसतं हौसेला मोल नसतं म्हणून भागत नाही. शिवाय बऱ्याच मैत्रिणींनी आणि काही खूप उंच दादा लोकांनीसुद्धा विचारलंय की कस्टम बनवून घेणं खरंच वर्थ आहे का, म्हणून सगळा हिशोब इथे लिहून ठेवतेय.

उत्तर आधीच सांगते. माझ्यासाठी हो, अगदी शंभर टक्के. पण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी नको म्हणलंय, त्याचं कारण पण येईलच खाली.

माझी उंची चार फूट अकरा इंच. आता आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास आहे, म्हणजे मी काही जगावेगळी नाही, कुठल्याही लेडीज डब्यात चढा, अर्ध्या बायका माझ्याएवढ्याच दिसतील. तरी कुठल्याही चांगल्या सायकल दुकानात गेलं की मी म्हणजे एकदम स्पेशल केस. "मॅडम, यात सगळ्यात लहान हीच साईझ येते, सीट खाली करून देतो, बसेल तुम्हाला." सीट खाली करून पाय टेकतात हो, पण सायकल बसणं म्हणजे पाय टेकणं नव्हे. हात कुठपर्यंत ताणावे लागतात, गुडघा पायडलच्या वरच्या टोकाला किती दुमडतो, ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का, हे सगळं त्यात येतं आणि ते सीट वरखाली करून सुटत नाही.

मोठ्या कंपन्या सहसा एक मधली साईझ धरून डिझाईन करतात आणि मग तीच वरखाली ताणतात. लहान साईझमध्ये येऊन ही ताणाताण अडते, कारण चाक तेच ७०० सी, म्हणजे रोड सायकलचं नेहमीचं मोठं माप, ठेवायचं असतं. चाक मोठं आणि फ्रेम लहान झाली की पुढचं चाक पायाच्या जवळ येतं, इतकं जवळ की पायडल पुढे असताना हँडल वळवलं तर बुटाचं टोक टायरला घासतं. याला टो ओव्हरलॅप म्हणतात. सपाट रस्त्यावर वेगात असताना काही फरक पडत नाही, कारण तेव्हा हँडल एवढं वळतच नाही. पण सिंहगडाच्या चढावर, एखाद्या उभ्या वळणावर, दम लागलेला, स्पीड चालण्याएवढा, मागून जीप हॉर्न मारतेय आणि तुम्ही हँडल वळवता आणि बूट टायरला लागतो, तेव्हा कळतं. माझ्या जुन्या सायकलला हे होतं आणि वर्षानुवर्षं मी वळणाच्या आधी पायडल मारणं थांबवायची सवय लावून घेतली होती, चढावर, विचार करा.

आणि यातली अजून एक गोम सांगते जी दुकानात कोणी सांगत नाही. लहान साईझच्या चार्टमध्ये दांडीची (सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी) लांबी कमी दिसते, आपण खूष होतो की चला, ही छोटी आहे. पण बऱ्याचदा ती लांबी कमी दिसते कारण सीटची नळी जास्त उभी केलेली असते, समजा ७३ अंशांवरून ७५ वर. म्हणजे सीट पुढे सरकली, हँडल आहे तिथेच आहे. मग गुडघ्याचा हिशोब जमावा म्हणून तुम्ही सीट मागे ढकलता आणि कागदावर कमी झालेली लांबी परत तुमच्या खांद्यात येऊन बसते. त्यामुळे चार्ट बघताना दांडी बघूच नका, रीच बघा, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. मी एका संध्याकाळी वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्ट शेजारी शेजारी उघडून बसले तर एक्स्ट्रा स्मॉल आणि स्मॉलमध्ये रीचचा फरक कित्येक ठिकाणी अगदी पाच-सात मिलिमीटरचा. माझ्या आणि पाच फूट तीन इंचवालीच्या हातात पाच मिलिमीटरचा फरक आहे का?

मग दुकानवाले उपाय म्हणून स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, छोटा घालतात. थोडाफार चालतो. खूपच छोटा केला की माझ्या जुन्या सायकलचं हँडल अस्वस्थ झालं, उतारावर जरा हात हलला की सायकल इकडेतिकडे. सीट पुढे ओढली तर सगळं वजन हातावर येऊन तळवे बधिर. हे ५० किलोमीटरच्या रविवारच्या राईडला निभावतं. मी बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही रेस नसते, ठराविक वेळेत ठराविक अंतर कापायचं असतं, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. पुण्यात हे भरपूर चालतं. २०० पर्यंत न बसणारी सायकलसुद्धा जिद्दीवर ओढता येते. ३०० ला रात्र लागते, आणि रात्री दोन वाजता खंबाटकीच्या अलीकडे थांबून अर्धा तास बोटं चोळत बसायची वेळ आली की जिद्दीचा काही संबंध उरत नाही, सायकल तुमच्या मापाची नाहीये एवढाच मुद्दा उरतो.

ब्लाऊज आपण शिंप्याकडे शिवून घेतो ना, रेडीमेड घेतला तरी तो टाईट-लूज करायला टाकतोच, त्यात कोणाला श्रीमंती वाटत नाही. मला सायकलबद्दल एवढंच म्हणायचंय.

हे मला पहिल्यांदा सुचलं असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली. त्यांच्या लहान साईझच्या सायकलींना मागे नेहमीचं चाक आणि पुढे २४ इंचाचं छोटं चाक असायचं, नेमका हाच प्रश्न सोडवायला. मला त्या बाईंबद्दल प्रचंड आदर आहे, की इंडस्ट्री म्हणतेय सीट खाली करा आणि ही बाई म्हणते नाही, चाक बदला. त्यात अडचण एवढीच की दोन मापांच्या ट्यूब जवळ ठेवाव्या लागतात. आमच्या बिल्डरशी, म्हणजे माझी फ्रेम बनवणाऱ्याशी, याच्यावर पण चर्चा झाली आणि आम्ही दोन्ही चाकं ६५० बी घ्यायचं ठरवलं.

हे ६५० बी म्हणजे काय ते सांगते कारण लहान उंचीवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. ७०० सी चं रिम जिथे टायर बसतो तिथे ६२२ मिलिमीटर व्यासाचं असतं, ६५० बी चं ५८४. म्हणजे तेवढ्याच जाडीचा टायर लावला तर पुढचं चाक तुमच्या बुटापासून १९ मिलिमीटर लांब जातं. मला जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही हवे होते, पावसाळ्यात ताम्हिणीत मडगार्डशिवाय जायचं म्हणजे पाठीवर लाल चिखलाची रेघ घेऊनच परत यायचं. शिवाय क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, १७० मिलिमीटरऐवजी १५५ चे घेतले, तिथे अजून १५ मिलिमीटर सुटले. एकूण ३४. बूट आणि मडगार्डच्या मधून आता माझी दोन बोटं आरामात जातात, आणि हँडल कितीही वळवलं तरी काहीही लागत नाही. आणि प्रॅक्टिकल भाग असा की ६५० बी आणि एमटीबीचं (माउंटन बाईकचं) २७.५ हे रिमच्या मापाने एकच आहे, त्यामुळे ट्यूब कुठेही मिळते, वाईला मिळते, महाडला मिळते. टायर मात्र गुळगुळीत आणि हलके हवे असतील तर ऑनलाईन मागवून घरात एक जोडी जादा ठेवा.

छोट्या क्रँकबद्दल पण लोकांना शंका असते की लिव्हरेज कमी होईल, चढावर त्रास होईल. गिअर हलका ठेवला की काही होत नाही. उलट माझी इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) ६९ सेंटिमीटर, १७० च्या क्रँकवर पायडल वर आलं की गुडघा जवळजवळ छातीपर्यंत यायचा. पसरणी घाट मी दोन्हींवर चढलेय, १५५ वर पाय गोल फिरतात, आधी वर ढकलल्यासारखे व्हायचे.

आता बिल्डरकडे नक्की काय होतं ते. नाव देत नाही कारण एकट्या माणसाचं छोटं वर्कशॉप आहे आणि आधीच त्याच्याकडे रांग आहे. पहिल्या भेटीत त्याने सायकलचं काही दाखवलंच नाही, एक स्टँड असतो त्याच्याकडे ज्याची सीट, हँडल, क्रँक सगळं पुढेमागे होतं, त्याच्यावर मला बसवलं आणि प्रश्न विचारायला लागला. ताई, कुठले रस्ते जास्त? रात्री चालवता? सामान किती, पुढे की मागे? हात कधी दुखायला लागतात, किती वेळाने, कुठलं बोट पहिलं? उजवा खांदा वर उचलता का नेहमी? (उचलते, ते मला स्वतःला माहीत नव्हतं.) सायकल उचलून जिना चढायचा असतो का? वजन किती? मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सायकल विकण्याच्या आधी इतकं विचारलं. माझ्या मते पैसे या तासाभराचे आहेत. जो बिल्डर हे विचारत नाही आणि डायरेक्ट कलर कुठला म्हणतो त्याच्याकडून उठून या.

वजनाचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा निघाला. सायकलच्या फ्रेमला सेफ्टी टेस्ट असतात, आयएसओ ४२१० म्हणून स्टँडर्ड आहे, आणि त्या टेस्टमध्ये लहान साईझला सूट नसते, जो भार मोठ्या फ्रेमला तोच छोटीला. शिवाय नळी आखूड असली की ती आपोआपच जास्त कडक होते. म्हणजे ४८ किलोच्या बाईला कडक फ्रेम मिळते आणि ८५ किलोच्या माणसाला त्यातल्या त्यात मऊ, अगदी उलटा न्याय. माझ्या हातांच्या बधिरपणातला काही भाग हा होता. स्टीलचं एक असं आहे की स्वस्त असो की महाग, स्टीलचा कडकपणा साधारण सारखाच असतो, महागड्या स्टीलची ताकद जास्त म्हणून नळी पातळ करता येते एवढंच. तर माझ्या नळ्या मधल्या भागात ०.५ मिलिमीटरपर्यंत पातळ आहेत, टोकांना जिथे जोड येतो तिथे जाड. याला बटेड ट्यूब म्हणतात, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणजे आयडिया सव्वाशे वर्षं जुनी आहे.

मी जोडकाम बघायला एक दिवस मुद्दाम रजा टाकून गेले. नळीचं टोक सरळ कापत नाहीत, गोलाईत कापतात आणि मग कानशीने घासत घासत दुसऱ्या नळीवर असं बसवतात की मधून उजेड दिसता कामा नये. तो दर दोन घासांनी नळी लावून ट्यूबलाईटकडे धरून बघायचा, परत घासायचा. मला वाटलं झालं, तर तो म्हणाला नाही, अजून डावीकडे दिसतंय. मग फ्लक्स लावून गॅसची ज्योत फिरवायची, स्टील लाल व्हायला लागलं की पितळेची कांडी टेकवायची, आणि पितळ वितळून ज्योत जाईल तसं मागे मागे पळतं, सांध्यात घुसतं. घाई केली तर पितळ वरच बसतं, जास्त तापवलं तर पातळ नळी खराब होते. तेव्हा तिथे उभं राहून मला कळलं की माझ्या फ्रेमचे पैसे धातूचे नाहीयेतच, ते या हाताचे आहेत, आणि ते मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

बरं, हिशोब. फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि पेंट मिळून ६८ हजार. चाकं ३० हजार, यात पुढच्या हबमध्ये डायनॅमो आहे ज्याच्यावर दिवा चालतो, रात्रभर चार्जिंगची कटकट नाही. गिअर, ब्रेक, क्रँक हे सगळं ४५ हजार. सीट, ३६ सेंटिमीटरचं अरुंद हँडल, मडगार्ड, कॅरिअर वगैरे १७ हजार. झाले १ लाख ६०. पण कस्टमचे म्हणून जादा किती? असेच पार्ट असलेली, डायनॅमो वगैरे नंतर बसवलेली तयार सायकल मला साधारण १ लाख १० हजारांना पडली असती, मी कोटेशन काढलं होतं. म्हणजे प्रश्न १ लाख ६० हजारांचा नाहीच, ५० हजारांचा आहे. ही फ्रेम दहा वर्षं वापरायचं ठरवलंय, स्टील आहे, नीट ठेवली तर त्याहून जास्त जाईल, म्हणजे वर्षाला पाच हजार. मी फिजिओथेरपीला याच्यापेक्षा जास्त दिलेत, मानेसाठी.

आणि बाहेरून आलेल्या तयार सायकली पण काही स्वस्त राहिल्या नाहीत. २०२३ च्या बजेटमध्ये आयात सायकलींवरची कस्टम ड्युटी ३० वरून ३५ टक्के झाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तो दिलासा सगळ्यांनाच. पण एकूणात इथल्या बिल्डरची फ्रेम आणि आयात केलेली चांगली सायकल यातलं अंतर पूर्वी वाटायचं तेवढं राहिलेलं नाही. परदेशातल्या नावाजलेल्या बिल्डरकडून करून घ्यायची तर मात्र वेगळी गोष्ट, नुसती स्टीलची फ्रेमच दोन-अडीच हजार डॉलरच्या पुढे, वर शिपिंग, वर ड्युटी, आणि माप घ्यायला तुम्ही समोर नाही. मी तरी ते करणार नाही. आपल्याकडे माणसं आहेत, पुण्यातच 'बांबूची' नावाच्या ब्रँडने बांबूच्या फ्रेम बनवल्यात, 'सायनाईड' ब्रँडवाल्यांनी एमटीबीच्या फ्रेम केल्यात, अजून पण आहेत, शोधा.

आता नको कोणाला म्हणते. ज्यांची पहिलीच चांगली सायकल आहे त्यांना. तुम्हाला काय टोचतंय हेच अजून माहीत नाही तर बिल्डरला सांगणार काय? दोन वर्षं तयार सायकल चालवा, काय दुखतं, कुठले रस्ते आवडतात ते कळू द्या, मग बोलू. पाच फूट सहा ते दहाच्या मधल्या पुरुषांना पण सहसा नको म्हणते, तुमच्यासाठी अख्खं मार्केट कापलेलं आहे, एक चांगलं बाईक फिट, म्हणजे शरीराच्या मापाने सायकल लावून घेणं, करून घ्या, माझे आठ हजार गेले होते, सीट बदला, टायर जरा जाड घाला, हँडलची रुंदी बघा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. रेस मारायची असेल तर कार्बनची तयार सायकल घ्या, स्टील त्यात मागे पडणारच. वाढत्या वयाच्या मुलांना तर नाहीच नाही. आणि ज्यांना तीन वर्षांनी विकून नवीन घ्यायची सवय आहे त्यांनीही नका करू, माझ्या मापाची सायकल ओएलएक्सवर टाकली तर घेणार कोण, रिसेल शून्य धरूनच चालायचं.

उलट पाच फुटांच्या खाली किंवा सहा फूट तीनच्या वर असाल, एक पाय आखूड असेल, पाठीचं किंवा मानेचं ऑपरेशन झालं असेल, लांब चालवत असाल, तर अंथरूण पाहून पाय पसरा नक्कीच, पण या खर्चाला चैन म्हणू नका. जुन्या सायकलचे गिअर-ब्रेक चांगले असतील तर तेच नवीन फ्रेमवर चढवा, फक्त फ्रेम-चिमट्याचेच द्यायचे, बाकी हळूहळू.

आणि स्वप्नाचं काय, असं एकीने विचारलं, म्हणजे उंची नॉर्मल आहे, सायकल बसतेय, पण आपल्यासाठी बनवलेली एक हवी आहे. मला यात काहीही गैर वाटत नाही. लोक सोनं घेतात, एका लग्नात नेसून कपाटात ठेवायच्या पैठण्या घेतात. पैसे तुमचे आहेत, कर्ज काढत नाही आहात, तर घ्या. फक्त तेव्हा स्वतःला सांगू नका की तुम्ही जास्त वेगात जाल, ते होणार नाही. आवडीसाठी घेताय तर आवडीचीच घ्या, मनासारखा रंग, मनासारखे जोड, बिल्डरकडे बसून सगळं बघून. माझी जांभळी आहे, करवंदासारखी गडद, आणि तो रंग मी कुठल्याही तांत्रिक कारणासाठी घेतलेला नाही.

वेळेचं पण सांगून ठेवते. लागतो. जे सांगतील त्याच्यात दोन महिने घाला. अर्धे पैसे आधी द्यावे लागतात, तर ड्रॉईंग हातात आल्याशिवाय देऊ नका, ड्रॉईंगवर रीच, स्टॅक (रीचसारखंच, पण उभं अंतर), सीटच्या आणि हँडलच्या नळीचे दोन्ही अँगल, चाकाचं माप, टायर आणि मडगार्डला किती जागा, बूट ते टायर अंतर, सगळं लिहिलेलं पाहिजे. नळ्या कुठल्या ते पण. एक प्रत जपून ठेवा, उद्या फ्रेमला काही झालं तर दुसऱ्या कोणालाही ती बनवता येईल.

पुण्यातल्या चार दहा ते पाच एक उंचीच्या कोणालाही माझ्या सायकलवर बसून बघायचं असेल तर मेसेज करा, रविवारी सकाळी मी बहुतेक वेळा सिंहगडाच्या पायथ्याला असतेच. तुमचे क्लिपवाले शूज असतील तर आपापले पायडल घेऊन या, पाना माझ्याकडे आहे.